आमची एकच कॅसेट

माझी पुतणी ईशा सातवीत आहे. परवा मी पूनम सागर वसाहतीत भावाकडे गेले, तेव्हा ती हॉलमध्ये जमिनीवर पालथी पडून शाळेचा तक्ता करत होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘संपर्काच्या साधनांची गोष्ट’. खाली ओळीने चित्रं चिकटवलेली. कबुतर, टपालवाला, तारयंत्र, टेलिफोन, रेडिओ, टीव्ही, संगणक, मोबाईल. आई भावाकडेच असते. ती पलंगावर लसूण सोलत बसली होती. चष्म्यावरून तक्त्याकडे बघत ती म्हणाली, “ते तारेचं चित्र एवढं मोठं कशाला लावलंस गो?” ईशा म्हणाली, “आजी, तो खूप महत्त्वाचा शोध आहे.” “असेल,” आई म्हणाली, “पण बारीक लाव.” ईशा हसली. मी हसले नाही.

मी तिला विचारलं, यात टेपरेकॉर्डर कुठे आहे? ती म्हणाली, “आत्या, तो गाणी ऐकायला असतो ना? त्याने कुठे संपर्क होतो?” तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या पुस्तकात तसंच आहे. पण घरी परत येताना मनात येत राहिलं, की आमच्या घरात या शोधांचा क्रम अगदी वेगळा होता. आधी आला टेपरेकॉर्डर. मग शेजारचा टेलिफोन. पत्रं आली ती नावापुरतीच. आणि तार आयुष्यात एकदाच आली. ते कसं, हे लिहून ठेवावं असं वाटतंय. नीट जमेल का, माहीत नाही.

बाबा मस्कतला पाइप फिटर होते. आम्ही भाईंदरजवळच्या शांती नगरमध्ये तळमजल्यावर राहायचो, एक खोली आणि स्वयंपाकघर. आई, मी आणि धाकटा संजू. मूळचे आम्ही रत्नागिरीकडचे. बाबांनी तिकडच्या दोन-तीन फेऱ्यांच्या कमाईतून ही जागा घेतली, आणि आई एका ट्रंकेतून आणि एका गोणीतून अख्खा संसार घेऊन इथे आली. मागच्या बाजूला तेव्हा मोकळी खाजणं होती, आणि संध्याकाळी तिकडून खारट, ओलसर वारा यायचा. सकाळी पहिला आवाज पाववाल्याच्या भोंग्याचा, दुसरा पाण्याच्या टँकरचा, आणि तिसरा आईच्या स्टोव्हचा. टँकर आला की सगळ्या इमारतीत बादल्यांचा खणखणाट व्हायचा आणि चार भाषांमधली भांडणं एका नळीभोवती चालायची. आई भांडायची नाही. ती नुसती बादली पुढे सरकवायची. बोलणं हे तिचं काम नव्हे, असं ती धरूनच चालली होती.

आई तिसरीपर्यंत शिकलेली. सही करायची, बसचा फलक जुळवून वाचायची. बाबाही फार शिकलेले नव्हते. सुरुवातीला तिकडून पत्रं यायची, पण ती त्यांच्या खोलीतला दुसराच एक माणूस लिहायचा. त्यामुळे त्या पत्रांत ‘तब्येत ठीक आहे, काळजी नसावी’ याच्या पुढे कधी काही नसायचं. परक्या माणसाला सांगून बायकोला काय लिहिणार? आणि इकडून उत्तर मी लिहायची, शाळकरी अक्षरात. आईही मला काय सांगणार? दोघंही दोन टोकांना गप्प बसलेली असायची, आणि मधे आम्ही दोन लिहिणारे. पुढे एका सुट्टीत बाबा टेपरेकॉर्डर घेऊन आले. काळा, चंदेरी मुठीचा, रेडिओ आणि कॅसेट दोन्ही असलेला. सोबत एक कोरी कॅसेट. “आता पत्र बंद,” ते म्हणाले. “एका बाजूला तुम्ही बोला, दुसऱ्या बाजूला मी बोलेन.”

कॅसेटच्या पाठीला दोन टोकांना प्लास्टिकच्या बारीक खिट्ट्या असतात, हे मला बाबांनीच दाखवलं. त्या तोडल्या की मशीनचं लाल बटण दाबलंच जात नाही. मग त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. गाण्यांच्या विकतच्या कॅसेटींना त्या खिट्ट्या आधीच नसत. “आपल्या कॅसेटच्या तोडायच्या नाहीत,” बाबा म्हणाले. “आपल्याला पुन्हा पुन्हा भरायची आहे ती.”

आणि आम्ही तीच एक कॅसेट पुन्हा पुन्हा भरली. बाजारात कॅसेटी मिळत होत्या, महागही नव्हत्या. पण आईच्या डोक्यात तो हिशेबच नव्हता. आमच्याकडे शेजारून डबा आला की तो रिकामा परत करायचा नाही, निदान चार कुरडया तरी घालून द्यायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या शबानाभाभींचा आणि आमचा एक स्टीलचा डबा असाच वर्षानुवर्षं जिन्यातून वर-खाली करत होता. शिरखुर्मा घालून यायचा, घावनं घालून जायचा. तो मूळचा कुणाचा, हे दोन्ही घरं विसरली होती. आईने कॅसेटला तोच नियम लावला. ती भरून जाईल आणि भरून येईल. तिकडच्या कामगारांच्या वस्तीतून कुणी ना कुणी सुट्टीवर येत-जात असायचं. त्याच्याकडे कॅसेट, सुके बोंबील, आमसुलं आणि कुळथाचं पीठ द्यायचं. महिन्या-दोन महिन्यांनी तीच कॅसेट, साबणाच्या वड्या आणि बदाम परत. आमच्या बाजूवर आमचं मागचं बोलणं पुसून आम्ही बोलायचो, आणि त्यांच्या बाजूवर त्यांचं पुसून बाबा. आज याचं वाईट वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. डब्यातलं खाल्लं की संपतं, तसंच ते होतं.

पहिल्या दिवशी आई मशीनसमोर चापूनचोपून नेसून बसली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. मग हाक कशी मारायची, इथेच गाडी अडली. शेवटी ती म्हणाली, “अहो, ऐकताय ना?” आणि थांबली. उत्तराची वाट बघत थांबली. टेप नुसती फिरत राहिली. मी म्हटलं, “आई, ते आत्ता नाही उत्तर देणार.” ती म्हणाली, “असं कसं? विचारल्यावर थांबायला नको का माणसाने?” आणि ती सवय शेवटपर्यंत राहिली. “जेवता ना वेळेवर?” की थांबायची. “पाठ दुखते का अजून?” की थांबायची. बाबांनी पुढे सांगितलं, की तिकडे ते त्या थांबण्याच्या जागी खरंच उत्तर द्यायचे, मोठ्याने, आणि खोलीतले बाकीचे हसायचे.

मशीनकडे बघून ती पाच-सहा वाक्यांच्या पुढे जात नसे. मग आम्हाला एक युक्ती सापडली. ती कामात असताना मी मशीन जवळ ठेवून गुपचूप बटण दाबायची. भाकरी थापताना ती बोलायची. मासे साफ करताना तर फारच छान बोलायची. त्यामुळे बाबांना जाणाऱ्या आमच्या बाजूवर भाकरीचे थापटे, फोडणीचा चर्र आवाज, टँकरचं भांडण आणि संजूचे पाढे असं सगळं असायचं. त्यांच्या बाजूला त्यांच्या खोलीतल्या एसीची घरघर, कुणाचा तरी खोकला, आणि त्यांचा सावकाश आवाज. “हां, तर इकडे सगळं ठीक आहे.”

मी बारावीला बसले. बारावी आमच्या शाळेतच होती, म्हणून घरात तिला कुणी कॉलेज म्हणत नसे. कॉलेज म्हणजे त्यापुढचं, आणि त्यापुढे आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कुणी गेलं नव्हतं. निकाल लागायच्या आधीच बाबांचे चुलत भाऊ वसंतकाका घरी आले. ते भाईंदरला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. मला घरात बाय म्हणायचे. चहाची बशी हातात घेऊन ते म्हणाले, “वहिनी, बायचं काम केलं मी. आमच्या ऑफिसात फोनवर बसणारी मुलगी लग्न होऊन चाललीय. खुर्चीत बसायचं, पंख्याखाली. हॅलो म्हणायचं आणि लाईन द्यायची. बघा, आपल्या घरात फोन नाही, पण आपली मुलगी फोनवर.” ते मनापासून खूश होते. आजही मला त्यांचा राग येत नाही. कारखान्यात पॉलिशच्या धुळीत उभं राहणाऱ्या माणसाला ती खुर्ची केवढी मोठी वाटत असेल.

त्यांनी बाबांना आधीच कळवलं होतं. पुढच्या वेळी कॅसेट आली, तिच्यात घरघरीच्या मागून बाबा म्हणाले, “वसंता म्हणतो ते बरं आहे. बाय फोनवर बसेल. चांगलं आहे.” आणि मग ते संजूच्या चपलांविषयी बोलू लागले. तेवढ्यात माझं सगळं ठरून गेलं होतं. मला कॉलेजात जायचं होतं, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. कसं सांगतात, हेही माहीत नव्हतं. निकाल चांगला लागला. कॉलेजचे अर्ज सुरू झाले. बाबांच्या होकाराशिवाय आमच्या घरात पाऊल उचललं जात नसे.

मी धीर करून एका दुपारी स्वतःच बोलायचं ठरवलं. आधी कागदावर लिहून काढलं. आई दळण आणायला गेली होती. दार लावून, मशीनसमोर उभी राहून मी वाचलं. “आदरणीय बाबा, आजच्या युगात शिक्षणाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.” असं बरंच. आई आल्यावर मी ते तिला ऐकवलं. पिठाचा डबा कमरेवर तसाच धरून तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, “हे कोण बोलतंय?”

“मी.”

“तू अशी बोलतेस होय?” ती म्हणाली. “त्यांना वाटेल शाळेतल्या बाई आल्यात घरी.” आणि तिने कॅसेट मागे घेतली. कुठलं बटण कशाला, हे तिला पाठ झालं होतं. माझं भाषण पुसणार, हे मला कळलं. मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले, आणि मला खडे दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी हिराबाय आली. ती मुर्धा गावची कोळीण, डोक्यावर माशांची पाटी घेऊन आठवड्यातून दोनदा आमच्या दारात यायची. तिचं आईशी चांगलं जमायचं, कारण दोघींनाही घासाघीस करायला आवडायचं आणि दोघींनाही शेवटी किती होणार हे आधीच माहीत असायचं. त्या दिवशी ओले बोंबील होते. आई उंबऱ्यात विळी घेऊन बसली, हिराबाय बाहेर पायरीवर. आईने मला खुणावलं. मी मशीन आणून तिच्या मागे कोनाड्याजवळ ठेवलं आणि लाल बटण दाबलं. मला वाटलं, नेहमीचंच बोलणं असेल. पण आई त्या दिवशी बाबांशी बोललीच नाही. ती हिराबायशी बोलली.

“आमच्याकडे एकदा तार आलेली,” ती बोंबलाचं डोकं उडवत म्हणाली. “गावाला. हिचे बाबा पहिल्यांदा बाहेरगावी गेले तेव्हा.”

“मंग?” हिराबाय म्हणाली.

“तारवाला आला, कागद दिला, सही घेतली. त्याला खाडीपलीकडे जायची होडी गाठायची होती, तो पळाला. कागदावर सगळी इंग्रजी अक्षरं. वाडीत वाचणारे एक मास्तर, ते गेलेले रत्नागिरीला. तार म्हटल्यावर कोण आनंदाची पाठवतो? सासूबाईंनी कागद बघितला नि खालीच बसल्या.”

हिराबायचा हात पाटीवर थांबला.

“सगळी वाडी जमली. रडारड झाली. बायकांनी माझं कुंकू पुसलं. बांगड्या फोडल्या, उंबऱ्यावर. ही मांडीवर दूध पीत होती. काच लागेल म्हणून मी हिच्या डोक्यावर पदर धरला.” आई बोंबील साफ करत होती आणि आवाज नेहमीसारखाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. “दिवस मावळताना मास्तर आले. वाचलं. म्हणाले, अगो, सुखरूप पोचला असं लिहिलंय. कामावर हजर झालाय.”

“न्हाय गो,” हिराबाय हळूच म्हणाली.

“मग सासूबाईंनीच परत कुंकू लावलं. लाजल्या बिचाऱ्या. पण बांगड्या कुठून आणणार? बाजार आठवड्याने. तोवर दोन्ही हातांना हिरवा दोरा बांधून फिरले. लोक विचारायचे, काय गो हे? मी म्हणायची, नवस आहे.”

“नवऱ्याला सांगतलास काय?”

“कशाला? परमुलखात एकटा माणूस. त्याला काय सांगू, की मी दिवसभर तुमची विधवा होते म्हणून?”

मी कोनाड्याला टेकून उभी होते. टेप फिरत होती. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आईच्या हातांकडे मी इतकी वर्षं बघत होते, पण ती एक बांगडी पिचली की दुसरी आणेपर्यंत कासावीस का व्हायची, ते मला त्या दिवशी समजलं.

“आता ते म्हणतात, हिला फोनवर बसव,” आई म्हणाली. “बसेल. दुसऱ्यांची बोलणी जोडून देईल. वाईट काही नाही त्यात. पण मला वाटतं, हिने पुढे शिकावं. घरात एक तरी माणूस असं असावं, की कसलाही कागद येऊ दे, कुठल्याही भाषेतला, ते उंबऱ्यावरच वाचेल. मास्तरांची वाट बघायला नको.”

“ह्ये सगला मला कशाला सांगतेस? त्याला सांग ना.”

“सांगतेय की,” आई म्हणाली, आणि विळीवरून न उठता तिने कोपराने मागे मशीनकडे दाखवलं. “चालूच आहे ते.”

हिराबाय दचकली. मग तिने आत मान घालून मशीनकडे बघितलं. “या बया. माजा आवाज पन गेला काय यान?” मी मान हलवली. तिने पदर सारखा केला आणि बाजारात हाक मारावी तशी ओरडली, “दादा, ऐकतस काय? पोरीला शिकव. आन तुज्या बायकोला मी बोंबील ताजंच देतंय हां, ती कायपन सांगल.”

शबानाभाभींचे नवरे सलीमभाई बाबांच्याच वस्तीत राहायचे. ते सुट्टीवरून परत निघाले होते. त्यांच्या बॅगेत कॅसेट गेली.

मग वाट बघणं. वसंतकाका दोनदा येऊन गेले. जागा फार दिवस धरून ठेवता येणार नव्हती. कॉलेजचे अर्जही बंद होत आले होते. मी अर्ज आणून ट्रंकेत ठेवला होता, कुणाला न दाखवता. आणि एका रविवारी, सुट्टीवर आलेला एक माणूस बाबांनी दिलेली पिशवी घेऊन दारात आला. साबणाच्या वड्या होत्या. बदाम होते. संजूला बूट होते. कॅसेट नव्हती. आईने पिशवी उलटी करून झटकली. त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, “जेवढं दिलं तेवढं आणलं, वहिनी. आणि हां, भाऊ थोडे गप्पगप्प होते.”

इतक्या वर्षांत ती कॅसेट परत आली नाही, असं कधी झालं नव्हतं. शबानाभाभी नेमक्या डबा घेऊन खाली आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे दीदी, भूल गए होंगे.” आई म्हणाली, “नाय भाभी. वो भूलता नाय. गुस्सा आया होगा उनको. मैंने सबके सामने बोला ना.” मग तिने टेपरेकॉर्डरवर भरतकामाचं कापड घातलं, जसं ती आम्ही गावाला जाताना घालायची, आणि कणीक मळायला बसली. तिने कॅसेट भरून पाठवली होती आणि तिकडून काहीच आलं नव्हतं. आमच्या घरात याचा एकच अर्थ होता. वसंतकाकांनीही तोच काढला. “दादा बोलला नाही, म्हणजे समजून घ्या. सोमवारी पाठवा तिला माझ्याबरोबर.”

मी गेले. रिक्षातून उतरलो तेव्हापासूनच पत्र्यांचा आणि पॉलिशच्या चाकांचा करकर आवाज येत होता. त्या आवाजाच्या मधोमध काचेची एक छोटी केबिन होती. तिथली मुलगी माझ्याहून थोडीच मोठी असेल, हातावर मेंदी होती. तिने मला खुर्चीत बसवलं, बटणांचा पट्टा दाखवला. फोन वाजला की काय म्हणायचं, कुणाला आतली लाईन द्यायची, कुणाला नाही म्हणायचं. “एकदा जोडून दिलं की आपला फोन खाली ठेवायचा,” ती म्हणाली. “ऐकायचं नाही.” ती चांगली मुलगी होती. काम अवघडही नव्हतं. मी दोन लाईनी जोडूनही दिल्या. दोन्ही वेळा फोन खाली ठेवला आणि काचेपलीकडे बघत बसले. तिथे एक माणूस कळशी फिरवत होता. पुढच्या आठवड्यापासून येते, असं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “शहाणी गो माझी बाय.”

शुक्रवारी तिकडे सुट्टी असायची. बाबांना फोन करायचा असला की ते शुक्रवारी संध्याकाळी शबानाभाभींकडे करायचे. रीत अशी होती, की आधी थोडं वाजवून ठेवून द्यायचं. तेवढ्यात भाभी जिन्यातून हाक मारायच्या, आम्ही वर जाऊन बसायचो, मग दुसऱ्यांदा फोन यायचा. फोनवर नेहमी मी किंवा संजू बोलायचो. आई सोबत यायची, पण बोलायची नाही. “सांग, मी बरी आहे,” एवढंच लांबून. त्या शुक्रवारी भाभींची हाक आली आणि आई हातातलं पीठही न धुता निघाली.

फोन मी उचलला. बाबा म्हणाले, “बाय, आईला दे.”

असं ते कधी म्हणत नसत. आईने पिठाच्या हाताने फोन कानाशी धरला, जरा लांबच, आणि “हं” म्हणाली. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. पलीकडून काय बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. तिचा मोकळा हात दुसऱ्या हाताच्या बांगड्यांवर गेला आणि तिथेच राहिला. शबानाभाभींनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग आई म्हणाली, “सांगून तुम्ही तिकडे काय करणार होतात? रडला असतात.” पुन्हा ऐकलं. “आता कशाला रडताय मग? पुरे ते रडणं. लोक असतील मागे.” आणि तिने फोन माझ्या हातात दिला, पदराने त्याचं पीठ पुसून.

“बाबा, तुम्ही रागावलात का?” मी विचारलं.

“रागावू कशाला?”

“कॅसेट आली नाही.”

“येणार नाही ती,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज सर्दी झाल्यासारखा होता. “मी ठेवून घेतली. खिट्ट्या तोडल्या तिच्या, दोन्ही बाजूंच्या. आता तिच्यावर कुणी काही बोलायचं नाही. मी पण नाही. दुसरी कोरी घेतलीय, पण तिच्यावर काय बोलावं ते सुचेना. म्हणून नुसतीच पिशवी पाठवली.”

मी थांबले. आईसारखीच थांबले. मग विचारलं, “आणि कॉलेजचं?”

“तेच तर सांगतोय गो,” बाबा म्हणाले. “वसंताला मी बोलतो. तू अर्ज भर. आणि ऐक, त्या कोळणीला सांग, बोंबील चांगले होते.”

ती कॅसेट आज माझ्या कपाटात आहे. बाबा कायमचे परत आले तेव्हा बनियनांच्या घडीत ठेवून घेऊन आले. ते गेल्यानंतर ती माझ्याकडे आली. ती वाजवायला आता मशीन नाही. दुरुस्त करणारा शोधला, तो म्हणाला, “मॅडम, मोबाईलमध्ये करून देतो.” ते अजून केलेलं नाही. काही वर्षांपूर्वी तार खातंच बंद झालं, तेव्हा मी आईला बातमी वाचून दाखवली होती. ती म्हणाली, “बरं झालं,” आणि परत कामाला लागली. आता ती मला मोबाईलवर आवाज भरून पाठवते. मागे कुकरच्या शिट्ट्या असतात, ईशाची बडबड असते. “जेवलीस का?” असं विचारून ती अजूनही थांबते. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून त्या थांबण्याच्या जागी “हो” म्हणते. माझे सहकारी बघतात.

पण मला सांगायचं होतं ते त्या शुक्रवारचं. फोन ठेवून आम्ही खाली निघालो. भाभींनी आईच्या हातात डबा दिला, गरम होता. जिन्यात दिवा नव्हता. आई पुढे, मी मागे. मधल्या वळणावर ती थांबली.

“कॉलेजात तार वाचायला शिकवतात का गो?” तिने विचारलं.

“तारा आता फार येत नाहीत, आई,” मी म्हटलं. “लोक फोन करतात.”

“आली तर?”

“तर मी वाचेन.”

“मोठ्याने वाच,” आई म्हणाली, आणि डबा दुसऱ्या हातात घेऊन खाली उतरू लागली. “आत येऊन बसू नकोस. उंबऱ्यावरच वाच.”